आत्तीचं तिसरं कडवं

आत्तीचं गाणं रेडिओवर कधी लागलं नाही. पण ते रेडिओवर ऐकलं, असं मी गुरुजींना सांगून बसले आणि तिथून सगळं सुरू झालं.

चीनची लढाई होऊन गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातलं हे. मी पाचवीत होते. आमचं गाव तासगावच्या बाजूला. वर्ग झाडताना मी गुणगुणत होते, तर गुरुजी दारात थांबले. "कुठलं गं हे? देशभक्तीपर दिसतंय." खरं सांगायची छाती झाली नाही.

खरं काय, ते तुम्हाला सांगते. आम्ही धर्म घेतला, बुद्धाला हात जोडले, पण गावच्या विहिरीच्या पायऱ्या काही आम्हाला मोकळ्या झाल्या नाहीत. आमच्या बायका लांब घागरी घेऊन उभ्या राहायच्या, कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. आदल्या उन्हाळ्यात माझे वडील, आमचे दादा, चार माणसं घेऊन विहिरीत उतरायला गेले. पहिल्याच पायरीवर गावचे पेन्शनीत आलेले सुभेदार काठी आडवी धरून उभे. दादांच्या डोक्याला टाके पडले. वर दोन महिने गावात कुणी आम्हाला कामाला बोलावलं नाही. आत्ती, म्हणजे दादांची बहीण, नवरा वारल्यापासून आमच्यातच होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण तिनं त्या दिवसाचं गाणं केलं.

गुरुजींनी माझ्याकडून दोन कडवी फळ्यावर उतरवून घेतली. 'म्होरं'चं 'पुढे' केलं, 'नगं'चं 'नको' केलं. दुसरं कडवं असं होतं:

काठी आडवी धरून वैरी उभा वाटेवरी,
रक्त सांडलं तरी आता फिरणं नाही माघारी.

"वैरी म्हणजे चिनी," गुरुजींनी अर्थ सांगितला.

मागून एकीनं विचारलं, "पण गुरुजी, चिन्याकडं बंदूक असती. काठी कशी?"

"कवितेत चालतं," गुरुजी म्हणाले.

पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीला हेच गाणं म्हणायचं ठरलं. घरी सांगितलं तर दादांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "तिसरं कडवं दिलंस त्यास्नी?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग देऊ बी नगंस. त्यात हिरीच्या पायऱ्या हायत. कळलं तर पुन्यांदा काम बंद. खायचं काय आपन?" आत्ती चुलीपुढनं एवढंच म्हणाली, "रेडिओवर ऐकलं व्हय गं? आपल्यात रेडिओ कवा आला?" माझी मान वर होईना.

फेरी चावडीवरनं विहिरीपाशी आली. विहिरीच्या तोंडाशी सुभेदार उभे होते, कोटावर पदकं लावून. आम्ही गायला लागलो तसा त्यांनी कडक सलाम ठोकला. 'काठी आडवी धरून' म्हणताना माझा आवाज फाटला, पण त्यांचा हात काही हलला नाही. गाणं संपलं.

"लय भारी, पोरी!" सुभेदारांचे डोळे भरून आले होते. "आनी हाय का फुडं?"

मी गर्दीच्या कडेला दादांकडं बघितलं. ते डोळ्यांनीच नको म्हणत होते. लांब, नेहमीच्या जागी, आत्ती रिकामी घागर घेऊन उभी होती. आणि मी काय केलं? स्वतःची मान सोडवली. म्हटलं, "हाय. पन मला येत न्हाई. आत्तीला येतं."

सगळ्या माना तिकडं वळल्या.

"मग म्हन की गं," सुभेदार म्हणाले. "देशाच्या गान्याला लाजतीस व्हय?"

"लाजत न्हाई, सुभेदार. पर संपूस्तवर कुनी हालायचं न्हाई."

"आमी कवा हाललोय का? सावधाऽन!"

गावात घरटी एक माणूस पलटणीत. सगळ्या बाप्यांच्या टाचा जुळल्या, बायका, पोरं ताठ झाली. आत्ती चालत आली, गाणं म्हणत.

बारा पायऱ्या उतर बाई, घागर भरून घे,
पाण्याला न्हाई जात बाई, हात लावून ये.

सुभेदारांच्या बाजूनं ती पहिली पायरी उतरली. मला त्यांच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. डोळे गरकन तिच्यामागं फिरले, पण हात कपाळाला तसाच. खालून आवाज येतच होता. मग घागर बुडल्याचा आवाज आला, बुडबुड बुडबुड. तो मला आजही ऐकू येतो. मी घाबरून धृपद धरलं, कारण गाणं थांबलं तर काय होईल हे मला कळत होतं. पोरांनी सवयीनं माझ्यामागं म्हटलं. गुरुजी हातानं ताल देत होते, ते थांबले नाहीत. त्यांना तेव्हा कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

आत्ती भरली घागर घेऊन वर आली, आणि आमच्या वस्तीच्या वाटेला लागली तेव्हा कुठं तिनं गाणं थांबवलं. सुभेदारांनी हात खाली घेतला. आता अडवणार तरी कसे, सलाम तर ठोकून बसले होते.

दादांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात कामाचं बोलावणं आलं नाही, आणि तो हंगाम दादा पहाटे उठून तासगावला द्राक्षाच्या बागेत खणायला चालत गेले.

पण त्या सकाळी घरी आल्यावर मला वाटलं होतं, दादा आत्तीवर ओरडणार. त्यांनी तांब्या घेतला, घागरीत बुडवला. घटाघटा प्यायले, निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. आत्ती बघत होती.

"कसं लागतंय, दादा?"

दादांनी तोंड पुसलं. "पान्यासारखं पानी हाय की गं," म्हणाले, आणि तांब्या माझ्या हातात दिला.