बाभळीपर्यंतच्या सहा फेऱ्या

पळण्याविषयी कोणी गोडगोड बोलायला लागलं, की मला अजूनही गुवाचा वास येतो. म्हणे सकाळची शुद्ध हवा, म्हणे मोकळा श्वास. हे सांगणारे कोणत्या गावात पळाले असतील, देव जाणे. मी पळायला शिकलो ते आंजीकडे जाणाऱ्या आमच्या गावच्या सडकेवर, आणि त्या सडकेच्या दोन्ही कडांना गावातल्या बायांची गोदरी, म्हणजे हागणदारी, होती.

ऐंशी सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. फौजेच्या भरतीत मी एकदा नापास होऊन आलो होतो. सहा मिनिटांच्या आत एक मैल पळायचं, एवढीच अट. मला साडेसहाच्या वर लागली. वरून कोणीतरी सांगितलं म्हणून निघताना दोन कच्ची अंडी घशाखाली ढकलली होती, ती रेघ ओलांडल्याबरोबर सगळ्यांच्या देखत बाहेर आली. पुढच्या भरतीला जेमतेम तीन महिने होते आणि त्यानंतर माझं वय बसणार नव्हतं. म्हणजे हा शेवटचा डाव. तो हुकला, की जन्मभर बाबांसोबत वांग्याच्या वाफ्यात वाकायचं आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून वर्ध्याच्या बाजारात बसायचं. मला त्या चिखलाची, सडक्या वांग्यांची आणि अंगाला लागलेल्या शेणखताची मनापासून किळस होती. कोणाला राग येवो, पण होती.

गावात फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार होते. सगळे त्यांना फौजीकाका म्हणत. एका पायानं अधू. त्यांचं घर सडकेला लागून, नाल्यावरच्या बुटक्या रपट्याच्या अगदी तोंडाशी. त्यांच्याजवळ सेकंदकाट्याचं घड्याळ होतं आणि त्या घड्याळाइतकंच त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं. मी हात जोडून गेलो, तर त्यांनी मला आधी पळवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"अबे, तू तं बैलावानी एकाच चालीनं पयून राह्यला. जोर लाव, मंग दम घे, मंग आणखी जोर लाव. असं केल्याशिवाय पाय सुटत नाई."

ते काठी टेकत दूर येऊ शकत नव्हते, म्हणून पळायचं ते त्यांच्या रपट्यापासून पाव मैलावरच्या बाभळीपर्यंत, आणि परत. अशा सहा फेऱ्या. शनिवारी फक्त दोनच फेऱ्या, पण घड्याळ लावून. दोन फेऱ्यांचा बरोबर मैल भरायचा. दुसरीकडे पळावं म्हटलं तर शेतांमधल्या पांधणीत गाडीच्या चाकोऱ्या. पाय मुरगळला की भरती गेलीच.

आणि त्या पाव मैलाच्या मधोमध, शंभर-सव्वाशे पावलं, गोदरी.

शेतात कपाशी कमरेएवढी उभी. दवानं भिजलेली, आणि शेतमालक आत पाय ठेवू देत नसत. म्हणून बाया सडकेच्या कडेलाच बसत, फटफटायच्या आधीपासून. माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना पहिल्याच आठवड्यात काय लागलं ते सांगत नाही. विहिरीपाशी राखेनं घासताना मला उमासे येत होते आणि मी सगळ्या गावाला शिव्या घालत होतो. वासाचं तर विचारूच नका. नाकातून घ्यावा तर डोक्यात जायचा, तोंडानं घ्यावा तर जिभेवर बसायचा.

त्याहून मला संताप यायचा तो बायांच्या उठण्याचा. आमच्याकडची रीत अशी, की सडकेवरून गडीमाणूस आला की बसलेल्या बायांनी उठायचं, पाठ फिरवून डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभं राहायचं. तो गेला की पुन्हा बसायचं. मी आलो की ओळच्या ओळ उभी राहायची. परत आलो की पुन्हा उभी. मला वाटायचं, ह्या मुद्दाम मला जाणवून देतात की आम्ही इथं घाण करत आहोत. एक दिवस मी पळता पळताच ओरडलो, "तिकडं दूर जाऊन बसा न वं! लाज नाई वाटत काय?"

एका पदराआडून उत्तर आलं, "तुले पयायले दुसरी जागा नाई भेटली काय बापा?"

मी चिडून आणखी जोरात पळालो. आणि खरं सांगायचं तर माझा वेग वाढला तो असा. ती शंभर पावलं कधी एकदा मागं पडतात म्हणून मी दात-ओठ खाऊन सुटायचो, पुढं चांगली हवा लागली की पाय आपोआप सैल पडायचे, दम भरायचा. तोवर बाभूळ यायची आणि वळून पुन्हा तेच. फौजीकाका रपट्यावरून पाहून मांडीवर थाप मारायचे. "आता पाय सुटून राह्यले तुये!" त्यांना वाटायचं मी त्यांचं ऐकतो. मी कसला ऐकतो, मी घाणीतून पळ काढत होतो. तरी दोन महिन्यांत माझी वेळ सहा मिनिटं पाच सेकंदांवर आली.

भरतीला दहा दिवस होते तो शनिवार. दोन फेऱ्या, घड्याळ लावलेलं. पहिल्या फेरीत मी जाताना ओळ उठली, येताना उठली. दुसऱ्या फेरीत जाताना मला दिसलं, की सगळ्या उभ्या झाल्या तरी कडेची एक बाई अजून अर्धीच उठली आहे. एक हात जमिनीला, दुसऱ्या हातानं सडकेच्या कडेचा दगड धरलेला, आणि उठणं काही तिला जमत नाही. पोट पुढं आलेलं. अंगावर हिरवं लुगडं. ते लुगडं मी ओळखलं. महिन्याआधी आमच्या आईनं डोहाळजेवणाला नेसवलं होतं, माझ्या वैनीला.

घरच्या बायाही कुठंतरी जात असतील, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी तिकडं मनच जाऊ दिलं नव्हतं.

मी थांबलो नाही. मान फिरवली आणि पळत राहिलो. बाभळीला वळून परत आलो तेव्हा ती मधे पुन्हा बसलीच नव्हती. दगडाला धरून, पाठ करून तशीच उभी होती. रपट्यावर पोचलो तर फौजीकाका ओरडत होते. पाच मिनिटं बावन्न सेकंद. माझी तोवरची सगळ्यात चांगली वेळ.

घरी आलो. वैनी चुलीपाशी होती. तिनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. आई वाडीत गेलेली, भाऊ बाजारात. मला वाटलं, आता ही रडेल किंवा बोलेल. ती भाकर थापत म्हणाली, "भाऊजी, उद्या किती फेऱ्या हायेत?"

"काऊन?"

"सांगून ठेवजा. मले आजकाल लवकर उठता येत नाई. माहीत असलं तं तेवढं होऊ देतो, मंग बसतो."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हणू शकलो असतो, की उद्यापासून मी तिकडं येत नाही. पांधणीत पळतो, पाय मुरगळला तर मुरगळला. पण माझ्या डोळ्यांपुढं पाच बावन्न नाचत होते. मी कपात पाहत म्हणालो, "सहा."

"म्हंजे बारा खेपा," ती म्हणाली, आणि तव्यावर भाकर टाकली.

पुढचे दिवस मी त्याच सडकेवर सहा-सहा फेऱ्या मारल्या. हिरवं लुगडं ओळीपासून दूर, एका दगडाला टेकून, हातात टमरेल धरून माझ्या फेऱ्या संपायची वाट पाहत उभं असायचं. मी त्याच्याकडं पाहत नव्हतो.

भरतीत मी पास झालो. गावानं फौजीकाकांना हार घातला, काकांनी घड्याळ सगळ्यांना दाखवलं. पेढे घेऊन मी घरात शिरलो तर वैनी पडवीत पाय लांब करून बसली होती. दिवस भरत आले होते. मला पाहताच तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि भिंतीला हात लावून उठायला लागली.

"बसा न वैनी," मी म्हणालो.

तीन महिन्यांत पहिल्यांदाच म्हणालो. तोवर ती उभी झाली होती.