मूत्रपिंडाच्या धड्याचा तास

नव्वदच्या दशकात मी कोडोलीच्या पुढच्या एका गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवत होते. कोल्हापूरहून सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. उत्सर्जनाचा धडा म्हणजे माझा हातखंडा. फळ्यावर रंगीत खडूनं दोन मूत्रपिंडं काढायची, खाली येणाऱ्या नळ्या, मूत्राशय. रक्त कसं गाळलं जातं, शरीराला नको ते पाण्याबरोबर कसं बाहेर पडतं, हे मी पुस्तक न उघडता सांगायची.

एका वर्षी नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. वाडीवरून तासभर चालत येणारी, एरवी तोंड न उघडणारी.

"बाई, दिसभर दाबून धरलं तर काय व्हतंय वो?"

पोरं फिदीफिदी हसली. मलाही लाज वाटली. कशाची, ते आजही नीट सांगता येत नाही.

"हे परीक्षेत येत नाही. बस खाली," मी म्हणाले. ती बसली.

तिनं हे का विचारलं, ते मला कळायला हवं होतं. मुलींच्या मुतारीला दार नव्हतं आणि समोरच मुलांचं मैदान. मुली घरातून निघताना पाणीच प्यायच्या नाहीत. आम्हा शिक्षिकांचा संडास वेगळा होता, कुलपातला. त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. मुलींना दिला तर घाण करतील, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. मग एके दिवशी तिची आई शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, पोरगी तापानं फणफणलीया. कंबर दुखतीया म्हणून रडत हुती, म्या म्हणलं शाळा चुकवाय सोंग करतीया. आता कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलीया."

त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. पोरगी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. डॉक्टर म्हणाले, "मुतखडा जुना आहे. पाणी कमी, त्यात लघवी तुंबवायची सवय. पू झालाय. लवकर आणली असती तर मूत्रपिंड वाचलं असतं." चार दिवसांनी तिचं डावं मूत्रपिंड काढलं.

मी पुन्हा भेटायला गेले तेव्हा तिनं विचारलं, "एकावर भागतंय न्हवं, बाई?"

"भागतं," मी म्हणाले. ते खरं होतं. पण माफी मागायची ती वेळ होती, आणि मी तिला मोसंबी सोलून देत बसले.

नंतर मी किल्ली मुलींना दिली. मुख्याध्यापकांच्या मागं लागून मुतारीला दारही बसवून घेतलं. सगळं मिळून एका दुपारचं सुतारकाम होतं.

ती शाळेत परत आली नाही. दहा-बारा वर्षांनी कागलच्या स्टँडवर मला कुणीतरी हाक मारली. तीच होती, सोबत चार-पाच वर्षांची मुलगी. मी तब्येत विचारली.

"बरी हाय की. पोटावरच्या वणाचं कळून दोन ठिकाणं मोडली. मग ह्यास्नी सगळं सांगून लगीन केलं." लेकीचे केस सारखे करत म्हणाली, "धाव्वी मातूर ऱ्हायली, बाई. नर्स व्हायचं हुतं मला."

हे तिनं शाळेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. निदान मी तरी कधी विचारलं नव्हतं.

"त्या वेळी माझं चुकलं," मी म्हणाले. एवढंच बोलायला इतकी वर्षं लागली होती. ती गोंधळली. "तुमचं काय चुकलं, बाई? तुम्हीच तर दवाखान्यात आला हुता. दुसरं कोण आलतं?"

तिची गाडी लागली. तिनं लेकीला वाकून माझ्या पाया पडायला लावलं, आणि ते मला फार जड गेलं.