बेडरूम खाणारी बाई

आमच्या धंद्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही, लोक ते चहाबरोबर हातात आणून देतात! मी सोलापुरात बँकेसाठी घरांचं व्हॅल्युएशन करते. कर्ज देण्याआधी घर बघायचं आणि मालक सांगतो तेवढ्या बेडरूम खरंच आहेत का, ते तपासायचं. माझा नियम साधा. खोलीत खाट मावली पाहिजे, स्वतःचं दार पाहिजे आणि खिडकीतून बाहेरचा उजेड-वारा आत आला पाहिजे. उजेड खरा की दिव्याचा ते कळावं म्हणून मी आधी घराचा मेन स्विच बंद करते. या नियमापायी माझं नाव पडलं, ‘बेडरूम खाणारी बाई’!

बँकेकडं तक्रारी इतक्या गेल्या की मॅनेजरसाहेबांनी बोलावून तोंडावर सांगितलं, “मॅडम, आता अजून एक तक्रार खरी निघाली की तुमचं नाव पॅनलवरून काढावं लागेल.” नोकरी सोडून उभं केलेलं माझं ऑफिस त्या पॅनलमुळं मिळणाऱ्या बँकेच्या कामावरच चालत होतं.

*

जुळे सोलापूर भागात दोन भावांची घरं भिंतीला भिंत लागून. थोरल्यानं तीन बेडरूम दाखवल्या. तिसरीत त्यांचे वडील, अण्णा, खाटेवर लवंडले होते. मी मापं घेतली, नमस्कार केला, निघाले.

पुढं काही दिवसांनी धाकट्याचा अर्ज आला. त्याच्याही तीन बेडरूम! तिसरीचं दार उघडलं, तर खाटेवर अण्णाच. खोली एक, दारं दोन!

अण्णा उठून बसले. “परत आला व्हय बाई? त्या दारानं यायचं की! तिकडची सून चहा लई झ्याक करती.”

दोघांचेही रिपोर्ट दुरुस्त केले. दोघांनी मिळून माझी तक्रार केली.

*

एकानं तर जिन्याखालची जागा बेडरूम म्हणून दाखवली. मी कमरेत वाकून आत गेले.

“अहो, हितं झोपल्यावर उठायचं कसं?”

“उठायचंच न्हाय मॅडम. सरपटत भाईर यायचं!”

*

मी नुसत्या बेडरूम खाते असं नाही हां! वैरागहून शहरात आलेले एक काका. त्यांची तिसरी खोली डोक्याच्या वरपर्यंत पोत्यांनी भरलेली.

“काका, हितं कोण झोपतं?”

“माजी ज्वारी! वरीसभर कूस बदलत न्हाय.”

मी ओढणी खोचली, पोत्यांवरून चढून पलीकडं गेले आणि खिडकी ढकलली. लख्ख ऊन आत आलं. “काका, बेडरूम पक्की!”

“मग? ज्वारीला काय अंधारात ठिवू व्हय?” काकांनी मिशीला पीळ दिला. काकूंनी त्याच ज्वारीची भाकरी खाल्ल्याशिवाय मला सोडलं नाही.

*

पूर्व भागात विणकरांचं घर. मालक म्हणाला, “बेडरूम एकच. मागाच्या खोलीत कोण झोपणार मॅडम? कान फुटतात.”

त्याला विचारून मी मेन बंद केला. मागाची खटखट थांबली. तोच चादरींच्या गठ्ठ्यांमागून तेलुगूत ओरडा आला, “एवर्रा अदि?” पाठोपाठ एक आजीबाई दणकन उठून बसल्या.

मालक ओशाळला. “कोण आहे रे, म्हणतेय. माग थांबला की आमच्या आजीची झोपमोड होते!”

*

आणि मग ते बिल्डरशेठ. त्यांच्या फ्लॅटच्या तिसऱ्या खोलीला खिडकीच नव्हती, म्हणून मी दोन बेडरूम लिहिल्या. शेठनी तक्रार ठोकली, “खिडकी आहे, मॅडमना दिसत नाही!” आता मॅनेजरसाहेब स्वतः माझ्याबरोबर आले. एप्रिल महिना, दुपारचे बारा.

बघते तर काय, खरंच खिडकी! दुधी काच, झुळझुळीत पडदा, मागून पांढराशुभ्र उजेड. शेठनी खोलीतली सगळी बटणं पटापट बंद केली. “बघा साहेब, एक दिवा चालू नाही. हे आपलं सोलापूरचं ऊन!”

“खिडकी उघडा की,” मी म्हणाले.

“एसीसाठी पॅक केलीय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “मॅडम?”

मी खरंच चुकले की काय? गेलं पॅनल, गेलं ऑफिस! काही सुचेना, म्हणून सवयीनं बाहेरच्या दाराशी गेले आणि मेन खाली पाडला.

आत भर दुपारी सूर्य मावळला!

अंधारातून शेठचा बारीक आवाज आला, “ढग... ढग आले वाटतं!”

“शेठ,” साहेब म्हणाले, “ढग जायच्या आत तक्रार मागं घेता, की मॅडमना तुमच्या बाकीच्या फ्लॅटचे मेन पाडायला पाठवू?”