कुलपातला कॉम्प्युटर

समोरच्याचं बोलणं निम्म्यावर आलं की बडे बाबू हात वर करायचे. "ठाऊक हाय." आमच्या पंचायत समितीत ते हेडक्लार्क होते आणि बहुतेक गोष्टी त्यांना खरोखरच ठाऊक असत. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. त्याच्याशी साहेबसुद्धा जपून बोलतात.

मग कचेरीत कॉम्प्युटर आला. उद्घाटनाला पाहुणे, सरपंच, सगळे जमले. चालवून दाखवायचा मान अर्थातच बडे बाबूंचा. जालन्याहून आलेला माणूस आधी समजावून सांगू लागला, तर त्यालाही त्यांनी हात दाखवला. खुर्चीत बसून ते बटणं दाबत राहिले. पडदा काळाच.

"मशीन खराब हाय."

एका सरपंचांनी वाकून पडद्याचंच बटण दाबलं. उजेड झाला आणि सारा हॉल हसला. बडे बाबूंचे कान लाल झाले.

तेव्हापासून त्या खोलीला कुलूप लागलं. धूळ जाते, लाईटचा भरवसा नाही, अशी कारणं ते देत. किल्ली त्यांच्या खिशात. ती कुणी मागितलीही नाही; तसं हसं करून घ्यायची कुणाची तयारी होती?

मागितली ती बदलून आलेल्या एका क्लार्क ताईंनी. त्या कॉम्प्युटर शिकून आल्या होत्या. "बघू," एवढंच उत्तर मिळालं.

पुढं जालन्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी ताईंना उभं केलं. शिकून येऊन एकही काम का झालं नाही, म्हणून सगळ्या तालुक्यांसमोर बोलले. ताईंनी किल्लीचं नाव काढलं नाही. शेजारी बसलेले बडे बाबूही गप्पच राहिले. परतताना एसटीत ते सारा रस्ता खिडकीकडं तोंड करून होते.

दुसऱ्या दिवशी कचेरी भरल्यावर त्यांनी किल्ली ताईंच्या टेबलावर ठेवली.

"ताई, मला त्यातलं काहीच येत न्हाई. लोक हसले म्हणून कुलूप लावलं. काल तुमच्यावर आलं, तरी मी बसूनच राह्यलो."

ताई म्हणाल्या, "चला, खोली झाडून घेऊ."

गावोगावच्या घरकुलांची माहिती ताईंनी त्यात भरली. बडे बाबू शेजारी बसून एका बोटानं अक्षरं शोधत. दारातून शिपाई बघत, तरी ते उठत नसत. पण शेवटपर्यंत त्यांना ते नीट जमलं नाही.

त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले, "या कचेरीत कॉम्प्युटर रुजला तो बडे बाबूंमुळं." टाळ्या पडल्या. बडे बाबूंची मान खाली गेली. त्यांनी गळ्यातला हार काढला, ताईंसमोर ठेवला आणि भाषण न करताच मागच्या दारानं निघून गेले.