मोहाचं तेल आणि सागाचा ओटा

नव्या स्वयंपाकघरात लाकडी ओटा करायचा हट्ट माझा. बायकोला ग्रॅनाइट हवा होता. पण जव्हारला घर बांधलं तेव्हा तिचं एक न ऐकता मी सूर्यमाळच्या सुताराकडून जाड सागाच्या फळीचा ओटा करून घेतला. जाताना तो म्हणाला, "मास्तर, जवसाचं तेल पाज. पण पाजलं का लगेच पुसून घे." हा माणूस कलेक्टरलाही 'तू'च म्हणेल.

पुसायचंच तर पाजायचं कशाला? इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही. शिवाय जवसाचं तेल शोधत कोण फिरणार? जामसरहून आलेलं मोहाच्या बियांचं तेल घरात बाटलीभर होतंच. एका दिवसात चार हात मारले आणि फडक्याला शिवलोही नाही.

ओटा आठ दिवस ओलाच. बायकोने वर पेपर अंथरला, तो उचलताना निम्मा ओट्यालाच राहिला. "लाकूड पितंय अजून," मी म्हणालो आणि पाचवा हात मारला. मुंग्या आल्या. मग थंडी पडली, आणि एका सकाळी बघतो तर अख्खा ओटा पांढरा, तूप थापल्यासारखा. हे तेल बाटलीत थिजलेलं मी दर हिवाळ्यात पाहिलं होतं. ओट्यावरही थिजेल, हे मात्र डोक्यात आलं नाही.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पंधरा दिवसांनी ग्रॅनाइटवाला माप घ्यायला येतोय." मी खरंच घाबरलो. ओटा गेला असता तर घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नसती. मुकाट्याने सुताराला फोन केला.

दुसऱ्या दिवशी तो आला. नखाने थर खरवडून नाकाशी नेला. "मास्तर, याच्यावर भजी तळणार होतास काय?" मग मला कामाला लावलं. लाकडाचा भुसा पसरून चोळ, त्याने तेल ओढलं की सोड्याच्या गरम पाण्याने धू, वाळव, पॉलिश पेपरने घास. दोन दिवसांत माझे खांदे भरून आले. शेवटी त्याने जवसाच्या तेलाचा पातळ हात मारला आणि फडकं बायकोच्या हातात दिलं. "बाय, तू पूस. वर हात फिरवला तर तेल लागाय नाय पायजे. मास्तरला बाटली दाखवू नको."

ग्रॅनाइटवाला ठरल्या दिवशी टेप घेऊन आला. बायको थेट लाकडावर नागलीची भाकरी थापत होती. तिने ती अलगद उचलली, तव्यावर टाकली आणि मागे वळून न बघता म्हणाली, "माप नको. माझा ओटा चांगला आहे."

मला इतका आनंद झाला की मी ओट्यावर हात टेकून उभा राहिलो.

"अहो, हात काढा," ती म्हणाली. "डाग पडेल."