गुणाबाईच्या मोहाखालची पाल

गुणाबाईचा मोह धानोऱ्याच्या रस्त्यापासून बराच आत, खडकाळ उतारावर होता. झाड जंगलातलं, पण सासूच्या वेळेपासून याच घरच्या बायका तिथं फुलं वेचत, म्हणून गाव त्याला तिचंच म्हणे. फुलं नीट दिसावीत म्हणून आदल्या संध्याकाळी खालचा पाला पेटवून द्यायचा, अशी सगळ्यांचीच रीत.

त्या चैत्रात तिनं काडी लावली आणि दगडांच्या फटीतून पिवळं काहीतरी धडपडत बाहेर आलं. पाखराचं पिल्लू समजून तिनं चटकन उचललं. ते बोटाला कडकडून चावलं. हातातून सुटलं तेव्हा तिनं पाहिलं, काळ्या पट्ट्यांची पाल. जिच्या नुसत्या फुंकरीनं माणूस मरतो असं गावात म्हणत, तीच. जाड शेपटी तुटून वेगळीच वळवळत होती.

आता आपण वाचत नाही, असं गुणाबाईला वाटलं. मोबाइल घरी चार्जिंगला, घरी वाट पाहणारं कोणी नाही. जाळ दगडांपाशी येऊन विझला. जाळ दगडांपाशी येऊन विझला.

चंद्र माथ्यावर आला तशी फुलं गळू लागली. एक केसांत, एक मांडीवर. त्या गोड वासात तिला वाटलं, मरण असं असेल तर काय वाईट? पाल हातभर अंतरावरच होती. पालीनं सावकाश डोळे मिटले, पेंगुळल्या बाळासारखे, आणि पुन्हा उघडले. घरातली पाल कधी डोळे मिटत नाही, हे गुणाबाईला तेव्हा कुठं जाणवलं. मग तिचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. बोट जरासं ठणकत होतं, इतकंच.

वाटेत वनरक्षक निकेश भेटला.

"भाऊ, मले पट्ट्याची पाल चावली. अन् मी मेली नाई!"

तो हसला. "बाई, तिच्यात विषच नसते. दिवसा दगडाखाली राह्यते, रात्री किडे खाते. शेपटीत चरबी साठवते, उपासाच्या दिवसांसाठी."

"शेपटी तर माह्यापायी तुटली."

"नवी येते. पण ही झाडावर चढत नाई. आग लागली का ती जाईन कुठी?"

त्या संध्याकाळी गुणाबाईनं उरलेला पाला खराट्यानं झाडला आणि फुलं पडायला जुनी लुगडी अंथरली.

नणंद बुधरी म्हणाली, "पालीसाठी एवढा कुटाणा काऊन?"

गावात निम्मे जण अजून पाला जाळतात. गुणाबाई वाद घालत नाही. मोहाच्या दिवसांत ती लुगडी अंथरून अंधार पडेपर्यंत दगडांच्या फटीकडे पाहत तिथंच बसते.

"काय पाह्यतं एवढं?" बुधरी विचारते.

"काही नाई. बरं वाटते."