कोरमअभावी काकांची प्रार्थना

जगभरातल्या ज्यू अभ्यासकांच्या ईमेल ग्रुपात मी कसा शिरलो, हे मी आजवर बऱ्याच प्रकारे सांगितलं आहे. समोरच्याचा चेहरा बघून प्रकार निवडतो. त्यातल्या त्यात खरा प्रकार असा : संगमनेरच्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं. मी नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि निबंध वाचला की ड्यूटी रजा मिळायची. इतरांनी चांगले विषय लांबवले होते. मला उरला तो कोकणातल्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंचा. माझ्याकडे माहिती होती पोस्टकार्डावर मावेल एवढी. उरलेला सगळा वेळ मी घाण्याच्या बैलावर काढला. जेवणानंतरचं सत्र, अख्खं सभागृह घोरत होतं, अध्यक्ष तर तालात. जागे होते फक्त एक परदेशी पाहुणे. त्यांनी माझा ईमेल पत्ता मागून घेतला. पुढच्या आठवड्यात मी ग्रुपात.

तेव्हापासून माझ्या मेलबॉक्सला दम लागायचा. कुठे जागा निघाली, कुठे परिषद आहे, कुणाला कुठल्या हस्तलिखिताची प्रत हवी आहे, कुणाचं पुस्तक आलं, कुणी ते फाडून खाल्लं. एकाने सकाळी विचारावं की अमुक गावच्या थडग्यांचे फोटो कुणाकडे आहेत का, आणि दुपारपर्यंत पाच देशांतून फोटो. त्यातलं मला शंभरात दोन कळायचं. पण कुणी काही मागितलं आणि मिळालं नाही असं क्वचित व्हायचं, एवढं मात्र कळलं होतं. अधूनमधून मीही 'धन्यवाद, फार उपयुक्त' असं पाठवून माझा दबदबा टिकवून होतो.

आणि केडगावात, आमच्या गल्लीत, घराला घर लागून, खरेखुरे ज्यू राहत होते. ते काका. मूळचे कोकणातले, रेल्वेत नोकरी, शेवटची बदली नगरला, इथंच घर बांधलं. काकू गेल्या, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याच सुमारास काकांचा खुबा मोडला. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि प्रवासाला साफ मनाई केली.

एका सकाळी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावून घेतलं. शेजारी आमच्या दूध संस्थेचे चेअरमन बसलेले होते. हे मूळचे तिसगावचे. डेअरीच्या हिशेबापासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं काकांना विचारून करायचे.

"मास्तर, तिचा वर्षाचा दिवस येतोय," काका म्हणाले. "आमच्या पंचांगाप्रमाणे. कद्दिश म्हणायची आहे."

कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसामागे म्हणायची प्रार्थना. तीत मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसतं देवाचं मोठेपण. पण ती एकट्याने म्हणायची नसते. दहा पुरुष लागतात. म्हणणाऱ्याच्या मागून त्यांनी 'आमेन' म्हणायचं.

"धाच ना?" चेअरमन म्हणाले. "आवो, सकाळी दूध घालायला पन्नास येत्यात. धा धरून आनतो."

"ते चालत नाहीत हो. आमच्यातलेच लागतात."

"का? आमच्यात काय कमी हाय?"

"कमी काही नाही. मतदारयादी वेगळी आहे."

पुण्याला फोन लावून झाला होता. तिथल्या मंडळींत नेमकं त्याच दिवशी लग्न, सगळे पुरुष मांडवात. मुंबईच्या नातेवाइकांत चालतेफिरते कमी आणि फोनवर हळहळणारे जास्त. काका नखाने वॉकरचं रबर खरवडत होते.

"पहिलंच वर्ष आहे," ते म्हणाले. "नाही झालं तर वरून ती काही बोलायची नाही. तेच वाईट. खाली होती तेव्हा बोलायची तरी."

चेअरमनांना हे सहन झालं नाही. ते खुर्चीत पुढे सरकले.

"मंग तहकूब करा की! कोरम न्हाई तर सभा तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच विषयावर, हायेत तेवढ्यात उरकायची. मंग कोरमची अट न्हाई. आमची वार्षिक सभा दरसाल अशीच हुती. सहकाराचा नियम हाय."

आता जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, कोरमअभावी तहकूब होणं हा सभेचाच पहिला भाग असतो. पहिल्या अर्ध्या तासात चहा होतो. मला तर हा तोडगा सोळा आणे पटला. काका रेल्वेचे, नियम म्हटलं की त्यांचे कान टवकारायचे. 

"असं आमच्यात आहे की नाही, मला माहीत नाही. तुमच्या त्या विद्वानांना विचारा ना. तुम्ही म्हणता ना, शेकडो ज्यू तुमच्या खिशात आहेत म्हणून."

असं मी म्हणालो होतो, हे खरं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

मी ग्रुपावर लिहिलं. माझं इंग्रजी भरधाव सुटलं की मला आवरत नाही. लिहिलं की आमच्या जिल्ह्यात पूर्वापार प्रघात आहे, संख्या भरली नाही तर मंडळी अर्धा तास थांबतात आणि मग त्याच जागी, उपस्थितांत कार्य उरकतात. एका वृद्धाला पत्नीसाठी कद्दिश म्हणायची आहे, तरी जाणकारांचं मत काय? डेअरीचा उल्लेख राहून गेला. एवढ्या मोठ्या लोकांत दुधाचं काय काढायचं!

शुक्रवारी दुपारी पाठवलं आणि वाट बघत बसलो. संध्याकाळ गेली, शनिवार उगवला, ग्रुप ठार गप्प. रोज ढीगभर मेल टाकणारी माणसं, एकाचा आवाज नाही. माझं काहीतरी घोर चुकलं, सगळ्या जगाने मला वाळीत टाकलं, असं वाटून मी जेवलोसुद्धा नाही. काकांना सांगितलं तर ते हसायला लागले. "अहो, शब्बाथ आहे. शनिवारी घाणा बंद, मग मेल कसा चालू राहील? निबंध तुम्हीच वाचला होता ना?"

रविवारी मात्र धरण फुटलं.

काकांना कुणी विचारेना. सगळे पडले त्या अर्ध्या तासाच्या मागे. एकाने लिहिलं, हा प्रघात आजवर कुठेच नोंदलेला नाही, अभिनंदन. दुसऱ्याने लिहिलं, असंच काहीसं त्याच्या गुरूंकडून ऐकलं होतं, पण येमेनबद्दल. तिसरा म्हणाला, अशक्य. चौथ्याने तिसऱ्याला अशा गोड भाषेत उत्तर दिलं की शिवी कुठे होती हे शोधायला मला डिक्शनरी लागली. मग दहात बायका धरायच्या की नाही यावर वेगळाच आखाडा पेटला. एकाने पुढच्या परिषदेत याच विषयावर सत्र ठेवायचं जाहीर केलं. एकाने विचारलं, तुमच्या सहीखाली कधी अहमदनगर असतं, कधी अहिल्यानगर, तर हा प्रघात दोन्ही गावांत आहे का आणि त्या गावांत अंतर किती? मी कळवलं, अंतर काहीच नाही. त्यावर त्याने लिहिलं, मग दोन समाज इतके जवळ राहून वेगळे कसे राहिले?

पीडीएफ तर इतक्या आल्या की छापल्या असत्या तर केडगाव ते तिसगाव रस्ता झाकला असता. काका विचारायचे, "काय म्हणतात?" मी म्हणायचो, "चर्चा चालू आहे." त्यांना वाटायचं, आपल्यासाठी चालू आहे.

शेवटी मूळ साधन मागितलं गेलं. पुरावा. मी तरी काय करणार, चेअरमनांकडून वार्षिक सभेची नोटीस आणली आणि स्कॅन करून पाठवली. मराठी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे तिचं फार कौतुक झालं. त्या नोटिशीत पशुखाद्याच्या दराचाही विषय होता. दिवस जवळ येत चालला होता आणि आता कोण काय समजतंय हे मलाही समजेनासं झालं होतं. मी स्वतःच एकदा रात्रभर विचार केला की आमच्याकडे खरंच असा प्रघात असेल का.

आणि मग एका बाईंचा मेल आला. ग्रुपावर नाही, एकट्या मला. चार ओळी. "सगळी चर्चा वाचली. एक कळलं नाही. त्या गृहस्थांचा दिवस कोणता? त्यांना जमलेले किती आहेत? पत्नीचं नाव काय, आणि पत्नीच्या वडिलांचं?"

तहसील कचेरीतसुद्धा मला एवढं नेमकं कुणी विचारलं नव्हतं. मी भरभरून सगळं लिहिलं, खुबा, पुण्याचं लग्न, डेअरी, नोटीस. आणि शेवटी टाकलं, तुम्ही ज्यू आहात, तर तुमच्या घरचे, ओळखीचे असे दहा जण नाही का जमणार?

उत्तर आलं की बाई ज्यू नव्हत्याच. त्या एका पाद्र्याच्या कन्या. ग्रुपात निम्मे लोक तसेच, फक्त ग्रुप चालवणारे शब्बाथ पाळतात म्हणून शनिवारी सगळ्यांचेच मेल अडतात, असंही त्यांनी लिहिलं. मी चक्रावलो. वास्तविक मुंग्यांचा अभ्यास करणारा मुंगी असतो असं कुठे आहे? मी स्वतः त्या ग्रुपात होतो आणि आमच्या घरात कुळाचार खंडोबाचा. पण हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. शेकडो ज्यू खिशात घेऊन हिंडणाऱ्या माणसाचा खिसा एका मेलने अर्धा रिकामा झाला.

बाईंनी पुढे लिहिलं होतं की अर्ध्या तासाचा नियम नाही. पण दहा पुरुष एका खोलीत असतील आणि अकरावा फोनवरून त्यांच्याबरोबर म्हणत असेल, तर ते काहींना चालतं, काहींना नाही. चालत असेल तर त्या कुणालातरी विचारून बघतील.

मी काकांना वाचून दाखवलं.  दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक आली.

"काहींना चालतं, काहींना नाही. मला चालतं का, हे विचारलं नाहीत तुम्ही."

"चालतं का, काका?"

"माहीत नाही. पण मी बदलीवर असायचो आणि ती कोकणात. निम्मा संसार आम्ही फोनवर केला, तोही शेजारच्यांच्या. मी बोललो की तिला पोचायचं." त्यांनी वॉकर वळवला. "लिहा त्यांना."

वर्षाचा दिवस आला. फोन जिथून यायचा होता तिथे दुपार होती आणि आमचं ऊन उतरत होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, डोक्यावर गोल टोपी. चेअरमन आले. डोकं झाकायला हवं म्हटल्यावर त्यांनी आपली गांधी टोपी दोन्ही हातांनी घट्ट बसवली. मी रुमाल बांधला. माझा मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. बाईंनी फक्त एवढंच कळवलं होतं की एका ओळखीच्याने दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला, आणि इस्राएलच्या वाळवंटातल्या एका गावातून फोन येईल.

आला. पडद्यावर एक खोली, बाकडी, टोप्या घातलेले पुरुष. काका अंग सावरून उभे राहिले आणि बोट दाखवत मोजायला लागले. मग त्यांनी घसा साफ केला आणि रेल्वेतलं इंग्रजी काढलं.

"गुड आफ्टरनून, सर. धिस इज अहमदनगर. व्हेरी सॉरी टू ट्रबल..."

"काका, माणसांकडे बोट करून मोजू नका हो," तिकडून आवाज आला. "आहेत दहा. बसा, उभं राहून पाय दुखेल."

मराठीत.  मी मोबाईल उलटसुलट करून बघितला, चुकून पुण्याचा मांडव तर लागला नाही ना?

"ह्ये कुठले म्हनायचे?" चेअरमन माझ्या कानात.

"आम्ही इथंच जन्मलो," तिकडचा म्हणाला. त्याला ऐकू गेलं होतं. "आजा-आजी अलिबागकडचे. आजीने आम्हाला दुसरी भाषाच बोलू दिली नाही. म्हणा, काका. आम्ही आहोत."

काका बसले नाहीत. वॉकर धरून त्यांनी सुरुवात केली. नेटवर्क मागे पडत होतं. काकांची ओळ संपायची, मग नुसती शांतता, काका श्वास धरून पडद्याकडे बघायचे, आणि मग एकदम दहा गळ्यांतून 'आमेन' यायचं. ते आल्याशिवाय ते पुढची ओळ घेत नव्हते. चेअरमनांच्या तोंडूनही एकदा 'आमेन' निसटलं, त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला.

संपलं. मला वाटलं, आता फोन बंद होईल.

"काकूंचं माहेर कुठलं, काका?" तिकडून विचारलं.

"नागाव," काका म्हणाले.

तिकडे गलका झाला. कुणीतरी मागच्या बाकावरून पुढे आला, कुणीतरी कुणाच्या तरी आत्याचं सासर सांगायला लागलं. काका आता खुर्चीत बसले आणि मोबाईल त्यांनी हातात घेतला, अगदी तोंडाजवळ.

"मास्तर, झालं का? कोरम भरला, असं धरायचं का?" चेअरमन कुजबुजले.

मला कुठे माहीत होतं? मी काकांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो झटकला.

"थांबा हो जरा," ते म्हणाले, "तिच्या माहेरचं चाललंय."